दोन कंपन्यांत अडकलेलं पुस्तक

मी सांगलीच्या हळद बाजारातल्या माणसाची पोरगी. सांगितलेल्या किमतीला वस्तू घेतली तर मला अन्न गोड लागत नाही. वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे होते. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि मग चेहरा असा करायचा की माल आणणाऱ्याला वाटावं, आपण चुकून माती भरून आणलीय. तो चेहरा मला आयता मिळालाय. साडीच्या दुकानात, भाजीवालीपुढं, रिक्षावाल्यासमोर, सगळीकडे मी तो लावते.

आणि लग्न झालं कुणाशी? तर रहिमतपूरच्या एका फौजी माणसाशी. दुकानदारानं किंमत सांगितली की हे पाकीट काढतात आणि वर ‘थँक्यू’ म्हणतात. पहिल्या वर्षी बाजारात मी यांना कोपरानं ढोसून ढोसून दमले. शेवटी म्हटलं, तुम्ही पिशवी धरा, तोंड मी चालवते.

वाचायचं वेड मात्र दोघांनाही सारखं. बघायला आले तेव्हा यांचं लक्ष माझ्याकडे कमी आणि आमच्या कपाटातल्या पुस्तकांकडे जास्त. मला लय राग आला होता. जाताना बुजत बुजत म्हणाले, “त्यातलं एक वाचायला नेऊ का?” तेव्हाच मी मनात होकार देऊन टाकला. घरी काही दिवस सांगितलं नाही, एवढंच.

पण फौजी माणसाची सुट्टी ती किती! सुट्टीत एखादी जाडजूड कादंबरी सुरू करायचो. दुपारी हे वाचायचे, उसाला पाणी सोडून आल्यावर मी वाचायची. पुस्तक निम्म्यावर यायचं आणि यांची ट्रंक भरायची वेळ व्हायची. एकदा दोघांपैकी कुणीच पुस्तक सोडेना. तेव्हा यांनी दाढीचं ब्लेड आणलं आणि शिवणीवरून पुस्तकाचे सरळ दोन भाग केले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, भाकऱ्या टाकायच्या सोडून धावत आल्या. “आगं बया, सरस्वती हाय ती! कापताय काय?” दोन्ही तुकड्यांना त्यांनी हळदकुंकू लावलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

मग ती आमची रीतच झाली. अर्धा भाग ट्रंकेत, अर्धा माझ्याकडे, वाचून झालं की पोस्टानं अदलाबदल. हे सरळमार्गी, यांना पहिल्यापासूनच वाचायला हवं. म्हणून शेवटचा अर्धा माझ्या गळ्यात पडायचा. कितीतरी कादंबऱ्यांतली माणसं माझ्यापुरती आधी मेली आणि मग जन्माला आली. फोनवर हे विचारायचे, “ती थोरली सून परत येती का गं?” मी म्हणायची, सांगणार नाही, जा. हे इतके हसायचे की मागचे जवान विचारायचे, साब, क्या हुआ. आठवड्यातून एकदा येणारा तो फोन मला आठवडाभर पुरायचा.

मग यांनी रीडर घेतला. पुस्तकं वाचायचं ते पाटीएवढं यंत्र. मागच्या पोस्टिंगला शेजारच्या बराकीतल्या कुणाकडं तरी बघितलं आणि मागवलं. अर्थात छापील किमतीला. सुट्टीत दाखवायला आणलं तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. “आगं, सगळं कपाट ह्यात बसतंय. वजन बघ, वजन! वर चढताना काय ओझंच न्हाई.” मी हातात घेतलं, खरंच हलकं होतं. कौतुक केलं. आणि यांची गाडी गेल्यावर न्हाणीत जाऊन मनसोक्त रडले.

कारण साधं होतं. आता ब्लेड लागणार नव्हतं. पुस्तक अख्खंच यांच्याबरोबर गेलं होतं आणि माझा अर्धा भाग मागं राहिलाच नव्हता. मला पुस्तकं मिळत नव्हती असं नाही, गावात वाचनालय आहे. पण ते पुस्तक नव्हतं ना! हे ज्या पानावर आहेत त्याच्या आगंमागं कुठंतरी मी असायला हवी होते. लग्न झाल्यापासून आम्ही एका घरात राहिलो ते असं सुट्ट्या-सुट्ट्यांत. बाकीचा संसार पुस्तकात झाला. माझ्या दृष्टीनं तो काही कमी संसार नव्हता.

रडून झाल्यावर ठरवलं, आपणही रीडर घ्यायचा. यांना न सांगता घ्यायचा आणि एक दिवस फोनवर यांच्याच पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवायचं.

त्याच सुमाराला रीडर काढणाऱ्या दोन कंपन्यांची जुंपली होती. एकीनं किंमत उतरवली की दुसरी आठवड्यात त्याच्या खाली. एक म्हणायची उजेड जास्त, दुसरी म्हणायची आमचा पडदा मोठा. एकीनं कव्हर फुकट दिलं, तर दुसरीनं पुस्तकंच फुकट वाटायला काढली. मला माहेरचा यार्ड आठवला. मोबाईलवर रोज सकाळी आधी उसाच्या बातम्या आणि मग रीडरचे भाव. आत्या विचारायच्या, “आज काय निघाला गं दर?” मी म्हणायची, उतरतोय, थांबा. आठवडी बाजारात पिशवी घेऊन उगाच फिरावं तशी मी त्या भावांत फिरत होते, आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. निवड करणारी मी, आणि दोन तालेवार कंपन्या माझ्यासाठी भांडतायत!

दिवाळीनंतर एकीनं असा दर काढला की माझा धीर सुटला. माहेरी गेले होते, तिथूनच सांगलीच्या बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानात शिरले. वडिलांचा चेहरा लावला. दुकानदार म्हणाला, “ताई, ह्याच्यात आता काय राहिलंच न्हाई आमाला.” मी म्हणाले, मग ठेवता कशाला दुकानात? त्यानं कपाळाला हात लावला, आणखी थोडे उतरवले आणि वर काच चिकटवून दिली. पॅसेंजरनं रहिमतपूर स्टेशन, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीत बसून गावात. पिशवी अख्खी वाट मांडीवर होती. एवढी खूश मी लग्नाचा शालू घेतानाही नव्हते.

रविवारी फोन आला. मला काही दम निघेना, सगळं सांगून टाकलं. यांना इतका आनंद झाला की मागच्या जवानांना ओरडून सांगितलं. मग म्हणाले, “कुठल्या कंपनीचं?”

मी नाव सांगितलं.

यांनी परत विचारलं. मला वाटलं रेंज नीट नाही, म्हणून मोठ्यानं सांगितलं. मग हळूच म्हणाले, “आगं, माझं दुसऱ्या कंपनीचं हाय.”

“बरं मग?”

“माझी पुस्तकं तुज्यात उघडणार न्हाईत.”

मला पटेचना. पुस्तक ते पुस्तक! पैसे देऊन घेतलेलं! आमच्या हळदीचं पोतं एका व्यापाऱ्याकडनं घेतलं तर दुसऱ्याच्या गोदामात मावत नाही, असं कधी झालंय का? पण तसंच होतं. या कंपनीत घेतलेलं पुस्तक त्या कंपनीच्या यंत्रात जात नव्हतं. भाव पाडताना दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि दाराला कुलूप लावायच्या बाबतीत सख्ख्या बहिणी! मी महिनाभर दर बघितले, उजेड बघितला, पडदा बघितला, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या यंत्रावर कुणाचं नाव आहे एवढंच बघितलं नाही. कपाळ माझं!

परत सांगली गाठली. दुकानदार म्हणाला, “ताई, उघडलेलं खोकं कंपनी परत घेत न्हाई वो.” या वेळी चेहरा लावायचं अवसानच नव्हतं. तेच पुस्तक माझ्या कंपनीकडून पुन्हा विकत घ्यावं म्हटलं, तर हे वाचत होते ती कादंबरी तिथं नव्हतीच. हे म्हणाले, “मी तुज्या कंपनीचं मागवू का?” पण तेव्हा यांची वर जायची तयारी चालली होती, उंचावर, जिथं माणसंच मोजून पोचतात. तिथं खोकं कोण नेणार?

तो हिवाळा लय वाईट गेला. यांचं पुस्तक वेगळं, माझं वेगळं. फोन लागायचा तेव्हा बोलणं असं व्हायचं: जेवलीस का? जेवले. तुम्ही? व्हय. आईचा गुडघा? बराय. तोडणी आली का? न्हाई अजून. मग दोघंही रेंज जायची वाट बघत असल्यासारखे. मला यांचं हसणं ऐकायचं होतं. उसाच्या फडाच्या बांधावर बसून मी कितीदा मनातल्या मनात विचारलं, अहो, तुमच्या पुस्तकातल्या त्या बाईचं पुढं काय झालं? उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आठवण येते म्हणजे जीव कासावीस होतो असं लोक म्हणतात. माझं तसं नव्हतं. मला नुसता राग यायचा, भांड्यांवर, म्हशीवर, त्या गुळगुळीत यंत्रावर. भांडी आपटली की आत्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

फेब्रुवारीत यांच्या कंपनीचाही भाव उतरला. किती उतरला ते मी बघितलंसुद्धा नाही. त्याच दुकानात गेले, खोक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे द्या. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. भाव करत नाही म्हटल्यावर तो बिचारा घाबरलाच. “बरं हाय न्हवं सगळं घरात, ताई?” असं विचारून त्यानं आपणहून कव्हर दिलं. पहिला रीडर मी चुलतभावाच्या मुलीला देऊन टाकला.

हे खाली तळावर आले होते तेव्हा फोनवर यांनी आपल्या खात्याचा परवलीचा शब्द सांगितला. तो आमच्या दोघांच्या गावांची नावं जोडून केलेला होता. मी तो टाकला आणि यांचं अख्खं कपाट माझ्या यंत्रात उतरलं. ती कादंबरीही आली. यांनी ओळींखाली रेघा मारल्या होत्या. मला वाटलं काहीतरी गहन असेल. बघते तर जिथं जिथं जेवण आलंय तिथं रेघ! भाकरी, ठेचा, तव्यावरची शेंगदाण्याची चटणी, कढत दूध. एका ठिकाणी नुसता ‘चुलीचा धूर’ अधोरेखित केलेला. मी हसायला लागले आणि हसता हसता मला हुंदका आला. चार दिवस मी वाचत सुटले आणि यांना गाठलं. यंत्र तशी खूण सांगतं: दुसऱ्या यंत्रावर शेवटचं वाचलेलं पान अमुक. तिथं जाऊन मी थांबले.

त्यानंतर हे परत वर गेले आणि फोन बंद झाला. नेहमीचंच, म्हणून आधी काही वाटलं नाही. मग टीव्हीवर तिकडं बर्फ कोसळून जवान अडकल्याच्या बातम्या यायला लागल्या. कुणाचं नाव सांगत नाहीत, नुसतं ‘त्या भागात’. आत्यांनी टीव्ही बंद करायला लावला. दिवसातून किती वेळा मी ते यंत्र उघडत असेन! पान तेच. पुढची सगळी कादंबरी माझ्यापुढं उघडी पडली होती. एका बोटाचं काम होतं. पण मी पुढं गेले असते तर हे मागं राहिले असते, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. वेडेपणा म्हणा हवं तर. मी त्या पानावरून हलले नाही.

शिमग्याच्या दिवशी दुपारी पुरणाची डाळ शिजत टाकली होती. सवयीनं यंत्र उघडलं आणि त्यानं विचारलं: दुसऱ्या यंत्रावर तुम्ही एक पान पुढे आहात. तिकडे जायचं?

एकच पान. फोन लागण्याइतकी रेंज नसेल, पण जी काही होती तेवढ्यातून ते पान सुटून खाली आलं होतं. माझे हात डाळीचे होते, तसेच पदराला पुसले.

“आत्या! हे बरे हायेत!”

आत्या उंबऱ्यात आल्या. “फोन आला?”

“न्हाई. पान हाललं.”

त्यांना काय कळलं देव जाणे. त्यांना अक्षरओळख नाही, त्या यंत्राला त्या पाटी म्हणतात. पण त्या माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या आणि दुखरा गुडघा लांब केला. इतके दिवस मी माझ्याच नवऱ्याची वाट बघत होते. या बाईचा मुलगाही तिथंच होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

“त्यानं वाचलंय न्हवं ते?” आत्या म्हणाल्या. “मोठ्यानं वाच. मला बी ऐकू दे.”

मी वाचलं. कोण कुणाची सून, कुठलं गाव, त्यांना काही माहीत नव्हतं. तरी पदर तोंडाला लावून त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. मी थांबले तेव्हा त्यांनी वर बघितलं.

“संपलं? येवडंच?”

“व्हय आत्या,” मी म्हणाले. “आज एवढंच आलंय.”