गाठमास्तरांची सही

माझा धाकटा दीर बांबूचं काम करतो. पन्नाशी उलटली, लग्न केलं नाही, करवतीशीच संसार मांडला. बांबू हातात आला की आधी गाठ शोधतो, तिच्यावर बोट ठेवतो आणि गाठीला लागून वर कापतो. म्हणजे वरचं तोंड बंद राहतं, पोकळीत पाणी साचत नाही. यावरून अख्खी वस्ती त्याला गाठमास्तर म्हणते. कुणाला ओटीचा खांब बदलायचा असो की कुंपण घालायचं असो, आधी त्याला विचारायचं. तो "चालेल" म्हणाला की विषय संपला. माझा नवरा गेल्यापासून घर त्याच्याच हातावर चालतं, बाकी त्याच्या नावावर काही नाही. स्वतःसाठी काही मागणं त्याला कधी जमलंच नाही, म्हणून आम्ही नदीकाठच्या पत्र्याच्या खोपटात राहिलो आणि दर पुराला सासूबाईंची खाट विटांवर चढवत गेलो. तीन पुरांत तीनदा माझा संसार पाण्यात गेला.

मग संस्थेची माणसं आली. काय ते बूट, काय त्या गळ्यातल्या पट्ट्या! बांबू, माती आणि गवत यांची घरं बांधणार म्हणे. भिंतींचे सुटे तुकडे, खाली एक आणि त्यावर एक. पुरात एखादा खराब झाला की तेवढाच काढायचा, दुसरा बसवायचा. नदीकाठी आमच्या आज्या-पणज्यांनी बांबू-मातीतच जन्म काढले, पण ते दारिद्र्य होतं. साहेबांनी टोपी घालून तेच सांगितलं की तो शोध झाला. सुटे तुकडे कुठे मिळतील असं मी विचारलं, तर म्हणाले, "ते पुढच्या टप्प्यात." पुढचा टप्पा कधी, हे त्यांच्या चित्रांच्या तक्त्यावर नव्हतं.

दिराला त्यांनी कामावर घेतलं. शेडमध्ये बांबू यंत्राखाली घालायचे आणि साडेतीन फुटांवर कापायचे. गाठ कुठेही असो, माप साडेतीन फूट, म्हणजे भिंतीच्या एका तुकड्याची उंची. दुसऱ्याच दिवशी मी डबा घेऊन गेले, तर हा साहेबांपुढे कापलेला बांबू उलटसुलट करत उभा.

"साहेब, हे तोंड उघडं राहतंय. पाणी या जोडावर चढलं की आत भरणार, आणि वर दुसरा तुकडा बसलेला. वाळणार कधी?"

"मास्तर, एका घराचा तुकडा दुसऱ्या घरात बसला पाहिजे. मग माप एकच हवं ना?"

"मग ज्याची गाठ मापात येते तोच बांबू घ्या."

"दहातले नऊ बाद होतील हो!"

"निदान तोंडाला झाकण तरी लावा. प्लास्टिकचं का असेना."

"प्लास्टिक? आपल्या घरात?" साहेब असे दचकले जणू यानं विष कालवायला सांगितलं. मग त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीतून दोन घोट घेतले आणि पुढच्या शेडकडे गेले.

सगळं अडलं ते एका कागदावर. त्यात एक ओळ होती, स्थानिक कारागिराची संमती. तिच्याखाली सही झाली की पहिली बारा घरं उभी राहणार आणि त्यातलं एक आम्हाला. आणि वस्तीतले लोक? त्यांनी कागद वाचलाच नाही. "गाठमास्तर सही करतात का बघू," एवढंच म्हणून मोकळे. म्हणजे अकरा घरांनी आपली अक्कल माझ्या दिराकडे ठेवायला दिली होती.

त्यानं सही करायला नकार दिला. मी कपाळाला हात लावला. साहेबांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त याचा आला. चार दिवस मी त्याच्यापुढे ताट आपटत होते. पाचव्या दिवशी तोंड उघडलं.

"भावोजी, तुमची गाठ तुम्हाला लखलाभ. सासूबाई चौथ्या पुरात त्या खाटेवरून वाहून गेल्या, तर खांदा द्यायला तुम्हीच जा."

तो जेवता जेवता थांबला. "वहिनी, ती घरं सडतील."

"सडायला आधी घर असावं लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली.

घरं झाली, आम्ही राहायला गेलो, आणि पूर आला. छातीइतकं पाणी चढलं, दोन दिवसांनी उतरलं, आणि बाराही घरं उभी! संस्थेची माणसं धावत आली. भिंतींना हात लावून फोटो काढले, टाळ्या पिटल्या, माझ्या दिराला मधोमध उभं केलं. तो फोटोतही भिंतीकडेच बघतोय.

महिनाभरात वास सुटला. आधी वाटलं उंदीर मेला असेल. दिरानं माती खरवडली, गिरमिट घेतलं आणि जोडाखालच्या पहिल्या गाठीच्या जरा वर भोक पाडलं. काळं, कुजकं पाणी माझ्या बादलीत पडलं. बोट लावलं तर बांबू आतून भुसभुशीत. संस्थेला फोन केला, तर साहेब दुसऱ्या नदीवर गेले होते. तिथेही पूर येतो म्हणे.

मग आम्ही दोघं घरोघर गेलो. तो भोक पाडायचा, मी बादली धरायची. पाणी निघून जात होतं, सडलेला बांबू तसाच राहत होता. प्रत्येक दारात तो आत जायच्या आधी म्हणायचा, "चूक माझी आहे. मला दिसत होतं, तरी सही केली." कुणी शिव्या दिल्या, कुणी खाट बाजूला सरकवून दिली. अकराव्या घरातली बाई बाळंतीण होती. पोराला खांद्यावर घेऊन तिनं ते पाणी पडताना पाहिलं.

"मास्तर, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग सही का केलीत? तुम्ही केलीत म्हणून आम्ही इथे आलो."

त्यानं गिरमिट पुसलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"घर हवं होतं," तो म्हणाला.

ती भरलेली बादली धरून मी त्याच्या मागे उभी होते. सही मी करायला लावली, एवढं एकच वाक्य होतं. अकरा दारांत मी ते बोलले नाही.