बारावा फर्मा

मला वाचायचं वेड सासूनं लावलं. हे सांगितलं की माझ्या वयाच्या बायका माझ्याकडे संशयानं बघतात, कारण त्यांच्या सासवांनी त्यांच्या हातातली पुस्तकं हिसकावून फळीवर फेकली होती. माझ्या सासूनं मला चुलीपुढून उठवून पुस्तकापुढे बसवलं आणि भाकरी करपली तर दोष पुस्तकातल्या माणसांना दिला.

माझं सासर कोल्हापुरात, एका अरुंद बोळात. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पूर्वी घोड्यांची खोगिरं शिवायचे. महाराजांच्या पागेत घोडे चिक्कार होते, पण खोगीर शिवणारेही चिक्कार होते. पुढे महाराजांनी शिक्षणाचं मनावर घेतलं, गावात बोर्डिंगं निघाली, पोरं शिकायला लागली आणि पुस्तकं वाढली. तेव्हा मामंजींनी तेच दाभण आणि तोच मेण लावलेला दोरा घेऊन पुस्तकं बांधायला सुरुवात केली. त्यांच्या मते दोन्ही धंदे एकच. "चामडं आपलं, दोरा आपला, आनि वर बसनार दुसराच," असं ते म्हणत. खोगीर शिवणाऱ्यानं घोड्यावर बसायचं नाही, तसं पुस्तक बांधणाऱ्यानं ते वाचायचं नाही. गिऱ्हाइकाचा माल तो गिऱ्हाइकाचा. त्यांना स्वतःला आकडे तेवढे वाचता येत, त्यामुळे हा नियम पाळणं त्यांना जड गेलं नाही.

मला असले नियम नवे नव्हते. माझं माहेर हुपरीचं. तिथं घरोघरी चांदीची पैंजणं घडायची आणि घरोघरी पोरींना दम भरलेला असायचा, की दुसऱ्याचं पैंजण पायात घालून बघायचं नाही. आम्ही सगळ्या पोरी घालून बघायचो. छुमछुम झाली की पाठीत धपाटा बसायचा, म्हणून घालून चालायचं नाही, नुसतं बसायचं, एवढं शहाणपण मी माहेराहून घेऊन आले होते.

सासरी आले तेव्हा मला वाचता येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. एके दिवशी मी दुकान झाडत होते. बांधणीला आलेल्या पुस्तकाची जुनी शिवण उसवून मामंजी त्याचे फर्मे सुटे करून ठेवत. फर्मा म्हणजे घडी घातलेला मोठा कागद, सोळा पानांचा. असे दहाबारा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. त्यातला एक फर्मा खाली पडला होता. तो उचलताना माझ्या तोंडून सहज वरची ओळ निघाली, "त्याच क्षणी दार उघडून तिचा नवरा आत आला."

मागं सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. अंगानं आडव्या, आवाज असा की बोळाच्या त्या टोकाच्या म्हशीनं मान वळवावी. त्यांनी माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली.

"आनि पुढं?" त्या म्हणाल्या.

बस्स, तिथून माझं शिक्षण सुरू झालं. दुपारी मामंजी जेवून मागच्या खोलीत लवंडले आणि त्यांचं घोरणं सुरू झालं, की आत्याबाई दुकानाचं दार लोटून घेत, मांडीवर निवडायचं सूप घेत आणि हुकूम सोडत, "हं, काढ." मी फर्मा काढायची. पण कुठला काढायचा हे आमच्या हातात नव्हतं. पहिले फर्मे मामंजींच्या पाटावर चिकटवायला घेतलेले असत, मधले वजनाखाली दाबलेले. जे सुटं सापडेल ते वाचायचं. त्यामुळे आम्ही नायिकेचं बाळंतपण आधी वाचलं, लग्न मग, आणि तिला मागणी घालायला कोण आलं होतं हे पुस्तक गिऱ्हाइकाकडे गेल्यामुळे कधीच कळलं नाही. एका खुनाच्या गोष्टीत फाशी कुणाला झाली हे आम्हाला पहिल्याच दुपारी कळलं आणि खून कुणाचा झाला हे शेवटपर्यंत नाही. आत्याबाईंना त्याचं फार वाईट वाटे. "एवढा गडी फासावर गेला, आनि कुनासाठी त्ये बी ठावं न्हाय," असं त्या भांडी घासताना मधेच म्हणत.

ऐकताना त्या गप्प बसत नसत. खलनायक घरात शिरला की "आगं, कडी लाव की भवाने!" म्हणून ओरडत. मागं घोरणं थांबे. आम्ही श्वास धरून बसायचो. घोरणं पुन्हा लागलं की त्या कुजबुजत, "लावली का कडी?"

मग मामलेदारांचं पुस्तक आलं. हे निवृत्त मामलेदार म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि सगळ्यात तापट. गावच्या ग्रंथालयाच्या कमिटीवर ते होते, आणि ग्रंथालयाची सगळी फाटकी पुस्तकं आम्हाला बांधायला द्यायची की नाहीत हे त्यांच्या शब्दावर होतं. ती कामं मिळाली असती तर मामंजींना पोटापायी पुन्हा खोगिरं शिवायची वेळ आली नसती. मामलेदार पुस्तक ठेवून, छडी आपटून म्हणाले होते, "हे नीट झालं तर पुढचं बघू." मामंजींनी त्या पुस्तकासाठी ठेवणीतलं तांबडं चामडं काढलं.

पुस्तक एका आईचं होतं. जत्रेत तिची मुलगी चुकते आणि ती बाई गावोगाव, जत्राजत्रांतून तिला शोधत हिंडते. पहिल्याच दुपारी आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. दुसऱ्या दुपारी त्या म्हणाल्या, "ह्ये पुस्तक धडपनी पयल्यापासनं वाचायचं. शेवट आदी न्हाय." त्यासाठी त्यांनी मामंजींच्या पाटावरचे फर्मे उचलून मला दिले आणि वाचून झाल्यावर परत जागच्या जागी ठेवले. एवढा धोका त्यांनी आधी कधी पत्करला नव्हता.

का, ते मला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याच्या पाठची एक बहीण होती. प्लेगच्या साली गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा ती मामाकडच्या झोपडीत होती. ती आजारी पडल्याचा निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आईबापांना तिचं शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. घरात तिचा विषय निघत नसे. मामंजी तर तिचं नावही घेत नसत.

अकरा फर्मे झाले. राहिला बारावा, शेवटचा. त्या दुपारी मी तो हातात घेतला, आणि दारात हाक आली, "हाय का कोन?" आत्याबाईंच्या माहेरचे पाहुणे, बायकापोरांसकट. आत्याबाईंनी फर्मा माझ्या हातातून ओढून भाकरीच्या टोपल्याखाली सारला. पण मामंजी पुस्तकाची जाडी अंगठ्यानं दाबून बघत, एक फर्मा कमी असला तरी त्यांच्या अंगठ्याला कळे. म्हणून आत्याबाईंनी शेजारच्या गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा फर्मा काढून मामलेदारांच्या गठ्ठ्यात घातला. संध्याकाळी बदलून टाकू, एवढाच त्यांचा बेत होता. तो शेजारचा गठ्ठा गडमुडशिंगीच्या एका पाटलाचा होता, जनावरांच्या रोगांवरचा.

पाहुण्यांना पोहे झाले, चहा झाला, पोरांनी मोरीत सांडलं, आणि पाहुणे काही हलेनात. तेवढ्यात मामलेदारांचा गडी सांगत आला, की पुस्तक उद्या सकाळी पाहिजे. मामंजी शिवायला बसले. शिवण्याआधी ते प्रत्येक फर्म्याच्या तळचा आकडा बघत. अकरानंतर बारा आला. पाटलाचं पुस्तकही नेमकं बारा फर्म्यांचं होतं. मामंजींनी मान डोलावली आणि शिवून टाकलं. पाहुण्यांना निरोप देऊन आम्ही आत आलो, तेव्हा पुस्तकाच्या पाठीला खळ लागून ते दाबायच्या शिकंज्यात आवळलेलं होतं.

मी रडायच्या बेतात होते. आत्याबाईंनी टोपल्याखालून फर्मा काढला.

"आत्याबाई, आता काय करायचं वो?"

"आदी वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. यात्रेतल्या देवळाच्या पायऱ्यांवर त्या आईला पाठमोरी मुलगी दिसते, इथवर अकराव्यात आलं होतं. बाराव्यात ती हाक मारते, मुलगी वळून बघते, आणि ती दुसरीच कुणीतरी असते. आई तिच्या तोंडावरून हात फिरवते आणि आपल्या गावी परत जाते. पुढची बाकी सगळी पानं लेखकानं जत्रेत मुलं कशी सांभाळावीत आणि संसार कसा असार आहे यावर खर्च केली होती.

आत्याबाई म्हणाल्या, "एवढी हिंडवली बाईला, आनि आता उपदेश करतुय मुडदा! ह्यापरास गुरांचं औशिद बरं."

सकाळी पुस्तक गेलं. त्यानंतर बोळात छडीचा आवाज आला की मी आत पळायची. एके सकाळी तो खरंच आला. मामलेदार दुकानात शिरले आणि पुस्तक पाटावर आपटलं.

"काल घरात सगळ्यांना बसवून शेवट वाचायला घेतला," ते म्हणाले. "आमच्या मातोश्री डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. पायऱ्यांवर पाठमोरी मुलगी दिसते, आता वळून आईला बिलगणार, मी पान उलटतो, आणि पुढे काय? 'जिभेवर फोड आल्यास तुरटीच्या पाण्याने तोंड धुवावे व हिरवा चारा बंद ठेवावा!'"

मला दाराआड हसू आलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच. मामंजींचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी पुस्तक उघडलं, आकडा बघितला, पुन्हा बघितला. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ते हात जोडायला उठले, तेवढ्यात आत्याबाई पदर खोचून पुढं आल्या.

"त्यांची चूक न्हाय, पावणं," त्या म्हणाल्या. मामलेदारांना आयुष्यात कुणी पावणं म्हटलं नसावं. "तुमच्या पुस्तकाचं श्यापूट म्या काढून ठेवलंतं. सूनबाईकडनं वाचून घेतलं. मला ऐकायचं हुतं."

मामंजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मामलेदारांची छडी वर गेली आणि तिथंच थांबली.

"तुम्ही? वाचून घेतलंत?" ते म्हणाले. मग आवाज एकदम उतरला. "मग... पुढे काय होतं?"

आत्याबाईंनी एकदा मामंजींकडे बघितलं.

"घावली," त्या म्हणाल्या. "वळून बगितलं, आनि आय म्हनून हाक मारली. गालावर तीळ हुता, त्यावरनं वळखली. मग दोगी बैलगाडीत बसून घरला गेल्या. वाटंत पोरगीनं चिरमुरं खाल्लं."

तीळ आणि चिरमुरे त्या पुस्तकात कुठल्याच फर्म्यात नव्हते.

"छान," मामलेदार म्हणाले. "मातोश्रींना सांगतो. पण पुस्तक उद्या नीट बांधून पाहिजे, आणि ग्रंथालयाचं मग बघू." आणि ते गेले.

मला वाटलं आता घरात आग लागणार. मामंजींनी तांबडं चामडं सोडवलं, शिवण उसवली, गुरांचा फर्मा बाजूला ठेवला. मी खरा बारावा आणून पाटाच्या कडेला ठेवला आणि मागं सरकले. लग्न झाल्यापासून मामंजी माझ्याशी सरळ बोलले नव्हते. पाणी पाहिजे असलं तर ते भिंतीला सांगत. त्यांनी तो फर्मा हातात घेतला, उलटसुलट केला, त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, तुमी वाचलंय. खरंच घावली व्हय ती?"

आत्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांची पाठ हलेना.

"व्हय मामंजी," मी म्हणाले. "घावली."

"बरं झालं," ते म्हणाले आणि दोरा ओवायला लागले. पहिल्या खेपेला तो दाभणात जाईना.

पुढच्या दुपारी ते जेवून लवंडले नाहीत. दुकानात आमच्याकडे पाठ करून बसले, आणि मी पाटलाचं पुस्तक तरी वाचावं की काय या विचारात असताना भिंतीला म्हणाले, "वाचा म्हनावं, ज्ये काय असंल त्ये." आम्ही गुरांचे रोग वाचले. लाळ्या-खुरकताच्या प्रकरणाला आत्याबाई हळहळल्या.

थोड्या दिवसांनी मामलेदार पुन्हा आले. गड्याच्या डोक्यावर ग्रंथालयाच्या फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा होता. मी दाराआड उभी राहिले आणि फटीतून छडीवर नजर ठेवली, कारण खरा शेवट आता त्यांनी वाचलेला होता. मामंजींनी गठ्ठा उतरवून घेतला. कामाचं काही विचारायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाशी पुस्तकाविषयी बोलत, थोडे लाजत ते म्हणाले, "सायेब, घावली न्हवं पोरगी?"

मामलेदारांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आत्याबाईंकडे. मग दाराआड माझ्याकडे. छडी त्यांनी काखेत धरली.

"घावली की," ते म्हणाले.