पाचवं गाणं

टेक्सासमधल्या कंट्री, म्हणजे शेतावरची, गुराढोरांची गाणी गाणाऱ्या स्वतंत्र गायकांच्या मागे मी चौदा वर्षं फिरतेय, आणि खरं सांगू? त्यातल्या निम्म्यांनी गाय फक्त बर्गरमध्ये पाहिलीय. स्वतंत्र म्हणजे ज्यांना कुठल्याही मोठ्या कंपनीने घेतलं नाही ते. मी रिव्ह्यू लिहिताना मात्र 'ज्यांनी कंपन्यांना नकार दिला' असं लिहिते.

फ्रिस्को नावाच्या सधन उपनगरातला एक आहे. बाप दातांचा डॉक्टर, मागच्या अंगणात स्विमिंग पूल, आणि हा पठ्ठ्या गातो काय, तर आटलेल्या विहिरीवर. एकदा कार्यक्रमाआधी पार्किंगमध्ये दिसला. गाडीतून उतरून आधी कडेच्या मातीत बूट घासत होता. चांगली दोन मिनिटं घासत होता. मी हसले, आत गेले आणि त्याच्यावर लिहिलं, 'याच्या आवाजाला मातीचा वास आहे.' लिहायला काय जातं! ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका विचारतात, 'अगं, अजून त्या काउबॉय लोकांवरच लिहितेस?' मी ऐटीत सांगते, खरं संगीत तिथेच आहे बाई. नाकाने कांदे सोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

या सगळ्या भंपक मंडळींत एक बाई खरी होती. साठी ओलांडलेली, आमच्यापासून दोन तासांवरच्या गावात शाळेची बस चालवायची. हाउस कॉन्सर्टमध्ये गायची. म्हणजे रविवारी दुपारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, प्रत्येकाने आपली घडीची खुर्ची आणि एक पदार्थ आणायचा, आणि गाणं चालू असताना हूं की चूं करायचं नाही. तिथे एकदा तिने माझ्या हातात तिच्या पहिल्या रेकॉर्डची सीडी ठेवली.

'वसंतातल्या मोठ्या फेस्टिवलच्या फॉर्मला छापून आलेला एक रिव्ह्यू जोडावा लागतो,' ती म्हणाली. 'त्याशिवाय कमिटी ऐकतसुद्धा नाही. माझी बोटं आखडायला लागलीत. डॉक्टर म्हणतात, गिटार फार तर अजून वर्षभर. त्या स्टेजवर एकदा उभं राहायचंय. तुम्ही लिहाल?'

'लिहीन की,' मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हेही सांगते.

रेकॉर्ड मी गाडीत लावली. ह्यूस्टनचा तो चिकट उन्हाळा, ट्रॅफिक तुंबलेलं, एसी घरघरतोय. दोन गाणी झाली आणि फोन आला, मग दुसरा आला. रिव्ह्यू तर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. आमच्या धंद्यात रेकॉर्डबरोबर एक कागद येतो, त्याला वन-शीट म्हणतात. गायक कुठला, त्याचं दुःख काय, कुठलं गाणं कशावर, सगळं आयतं. तिच्या कागदावर होतं: पाचवं गाणं, अपघातात गेलेल्या मुलासाठी. झालं. मी लिहिलं, 'पाचव्या गाण्यात तिचा आवाज फाटतो, आणि तिथे मला गाडी कडेला घ्यावी लागली.' शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. मी तर दोन शितांवर पंगत उठवली. वर स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले.

पुढे हिवाळ्यात दुसऱ्या एका घरी ती भेटली. मी आपली आभार ऐकायच्या तयारीने गेले होते. तिने प्लेट बाजूला ठेवली, पर्समधून माझ्या रिव्ह्यूचं कात्रण काढलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, 'हे तुम्ही कुठे ऐकलंत?'

'रेकॉर्डवर,' मी म्हटलं.

'पाचव्यात मी गातच नाही. रेकॉर्डिंगला दुसऱ्या ओळीपुढे जाता येईना, म्हणून शब्द काढून टाकले. कागद आधीच छापलेला होता, तो तसाच राहिला.' आवाज चढला नव्हता, पोरांना बसमध्ये नीट बसायला सांगावं तसं बोलत होती. 'तुमची गाडी कुठे थांबली, ते मला कळेना.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, दुरुस्ती छापून आणते, कमिटीला स्वतः फोन करते.

'फॉर्मची तारीख गेली. मी भरलाच नाही,' ती म्हणाली. 'माझ्या मुलाच्या नावावर खोटा कागद कसा जोडू?'

मग तिने प्लेट उचलली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. मला तिने एक वाकडा शब्द ऐकवला असता तर बरं झालं असतं. चौदा वर्षं मी त्या पोरांच्या बुटांना हसत आले. ते निदान स्वतः घासतात. मला माझी माती कागदावर आयती मिळत होती.

वसंतात फेस्टिवल झालं. त्या स्टेजवर कोण उभा होता, तर तोच, बुटवाला. माझं मातीच्या वासाचं वाक्य त्याच्या फोटोखाली हातभर मोठ्या अक्षरांत छापलेलं. लोक ते वाचून माना डोलावत होते. मी अर्ध्यातून उठले, पार्किंगमध्ये आले आणि गाडी बंद ठेवूनच तिची रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. पाचव्यात खरंच शब्द नव्हते. नुसती गिटार होती, आणि तिची बोटं तेव्हा अजून नीट चालत होती.