दोन बटणं एकदम

माझा राग नाकावर. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या मोठ्या भावानं, दादानं, तो लहानपणापासून सोसला. टीव्हीला जोडायचा गेम होता तेव्हा तो मला रोज हरवायचा. मी चिडून रिमोट आपटायचो, आणि तो मुकाट्यानं डाव पुन्हा पहिल्यापासून लावायचा.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना त्याचा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला. अंगठा आणि शेजारचं बोट राहिली नाहीत. त्यानं वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं, अनसिंगच्या घरी समोरच्या खोलीत कम्प्युटर मांडला आणि लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरून द्यायला लागला. डाव्या हातानं टायपिंग शिकला. मी वाशिमला नोकरीला, रविवारी जायचो. वाटलं, पुन्हा दोघं खेळू. मोठ्या हौसेनं बिनवायरचे दोन कंट्रोलर मागवले.

पहिला मी जोडला. मधलं बटण आणि बाजूचं बारकं बटण एकदम दाबून धरायचं. दिवा भराभर लुकलुकला की कम्प्युटरवर नाव येतं, त्यावर क्लिक केलं की झालं. दुसरा दादानं मागून घेतला. हा मी जोडतो म्हणाला.

मांडीवर ठेवून बघितलं, निसटला. टेबलावर ठेवला, निसटला. एक बटण दाबलं जाई, दुसरं सुटे. मग त्यानं तो दोन्ही गुडघ्यांत धरला. मला घाई कसली होती? कसलीच नाही. माझी बस पाचची, आणि तेव्हा दोनसुद्धा वाजले नव्हते.

"दे इकडं," मी म्हणालो. "तुले नाही जमत."

आणि हिसकावून घेतला. अर्ध्या मिनिटात जोडला. दादा दोन डाव खेळला, मग तू खेळ मी पाहतो म्हणून चहा टाकायला उठला. त्यानंतर दर रविवारी त्याला नेमका कुणाचा तरी फॉर्म भरायचा असायचा. मला स्वतःची लाज वाटायची, अजून वाटते. पण धाकट्यानं थोरल्याची माफी कशी मागायची, ते काही मला सुचलं नाही.

मागच्या महिन्यात एका बुधवारी न कळवता गेलो. दार उघडंच होतं. दादा माझ्याकडं पाठ करून बसलेला, कंट्रोलर गुडघ्यांत. एका बटणावर डावा अंगठा, दुसऱ्यावर उजव्या हाताची करंगळी. दिवा लुकलुकला, कंट्रोलर जोडला गेला. त्यानं कम्प्युटरच्या यादीतून तो काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून जोडला. मग परत काढला, परत जोडला. मी पायात चपला तशाच ठेवून उंबऱ्यात उभा. इतका आनंद झाला की हाकच मारली, "दादा!"

तो दचकला. घाईघाईनं यादीतलं नाव काढून टाकलं, आणि हसत कंट्रोलर माझ्यापुढं धरला.

"बरा आला. घे, जोडून दे. मले नाही जमत."

जमते तुले, मी आत्ता पाहिलं, एवढंच तर म्हणायचं होतं. मी कंट्रोलर घेतला आणि जोडून दिला.