दिवा लुकलुकल्याशिवाय उठायचं नाही

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचतोय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतोय. घाटातली पांढरी साडी, मागून येणारा पैंजणांचा आवाज... चालू द्या तुमचं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझ्या लेखी प्रत्येक गोष्टीचं कारण कुठल्या ना कुठल्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, सापडतं, आणि सापडलं नाही तर लॉग लिहिणारा गाढव असतो. हे मत अजूनही फारसं बदललेलं नाही. फक्त एका गुरुवारचं कारण मला सापडत नाहीये, आणि या वेळी लॉग लिहिणारा गाढव मीच आहे.

माझं ऑफिस तळवड्यात. आमचं एक गिऱ्हाईक कुरुळीच्या पुढे आहे, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून काढणारी कंपनी. नाव सांगत नाही. तिथे प्रेसच्या प्रत्येक लाईनला एक कॉम्प्युटर आहे. मशीनमध्ये काही बिघाड दिसला की ऑपरेटरने त्यात नोंद करायची, ती बघून मेंटेनन्सवाले येतात. नोंद नसेल तर कुणी फिरकत नाही. हे सॉफ्टवेअर माझं.

सुरुवातीला एक नोंद केली की स्क्रीन चार-पाच सेकंद अडकायची. जुनी डिस्क, त्यात सगळीकडे लोखंडाची धूळ. ऑपरेटर शिव्या घालायचे. अपवाद फक्त सोनवणे काकांचा. काका कुरुळीतलेच, जमीन कंपन्यांमध्ये गेल्यावर याच कंपनीत लागलेले. टाइप करून झालं की ते उजवा तळवा कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे आणि डिस्कचा लाल दिवा लुकलुकेपर्यंत खुर्चीतून हलायचे नाहीत. दिवा लुकलुकला म्हणजे लिहिलं गेलं, असा त्यांचा हिशोब. आणि तो बरोबर होता.

मग मी ते अडकणं बंद केलं. म्हणजे काय, तर लिहिण्याचं काम पडद्यामागच्या एका वेगळ्या थ्रेडकडे सोपवलं. हॉटेलात वेटर ऑर्डर घेऊन पुढच्या टेबलाकडे वळतो आणि आत भटारखान्यात कुणीतरी ती बनवत असतं, तसं. स्क्रीनने नोंद घेऊन रांगेत टाकायची आणि मोकळं व्हायचं, मागचा थ्रेड सवडीने डिस्कवर लिहिणार. सगळीकडे असंच करतात, त्यात गैर काही नाही. गैर एवढंच, की रांगेत टाकल्या टाकल्या मी हिरव्या अक्षरांत दाखवत होतो - "नोंद झाली". ती झालेली नसायची. व्हायची असायची.

सगळ्यांनी कौतुक केलं. काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतलं. अक्षरं आधी येतात आणि दिवा मागून लुकलुकतो, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. म्हणाले, "आदी लिव्हावं, मंग लिवलं म्हनून सांगावं. तुझं उलटं हाय." मी हसून सोडून दिलं.

गेल्या वर्षी काका वारले. त्यांच्या जागी सुषमाताई आल्या, काकांनीच हाताखाली तयार केलेल्या. दापोडीहून कंपनीच्या बसने यायच्या. त्याही डब्यावर हात ठेवून दिव्याकडे बघत बसायच्या. तेव्हा मीच, या शहाण्याने, त्यांना सांगितलं - ताई, दिवा बघायची गरज नाही, हिरवं आलं की झालं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एका शनिवारी सकाळी सुषमाताईंनी प्रेसच्या सेन्सरची नोंद केली. हात आत असला तर प्रेस थांबवणारा तो सेन्सर. हिरवं आलं, त्या उठल्या. दोनच मिनिटांत अख्ख्या लाईनची वीज गेली. त्या वेळी मागच्या थ्रेडच्या रांगेत पुढे एक भलामोठा रिपोर्ट होता, त्यामुळे ताईंची नोंद मेमरीतच राहिली आणि विजेबरोबर गेली. वीज आली, प्रेस सुरू झाली, मेंटेनन्सचं कुणी आलं नाही. साडेदहाला ताईंची दोन बोटं गेली.

कंपनीने चौकशी लावली. बिघाड कळवला नाही, म्हणजे चूक ऑपरेटरची, नोकरीवरून कमी करायचं, असा एकंदर सूर होता. मी सोमवारी फाइलची कॉपी घेतली. नोंद नव्हती. कारण मला पाच मिनिटांत कळलं होतं. ताईंचा हॉस्पिटलमधून फोन आला. "सर, हिरवं आलं होतं. तुम्हीच म्हणला होता ना, दिवा बघू नका?" मी म्हणालो, बघतो. आणि गप्प बसलो. लाज वाटते लिहायला, पण मी ठरवून गप्प बसलो होतो. एवढं मोठं गिऱ्हाईक होतं, आणि चूक माझ्या नावावर लागली असती.

चौकशी पुढच्या शनिवारी होती. त्याआधी डिस्कच काढून आण, असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, म्हणून मी गुरुवारी गेलो. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, वीजही बंद. दुपारचे साडेबारा वाजून गेलेले, पत्र्यातून ऊन येत होतं, आणि एरवी जिथे कानात बोटं घालावी लागतात तिथे माझ्याच बुटांचा आवाज ऐकू येत होता. वॉचमन गेटवर. आत मी एकटा.

मी कॉम्प्युटरची वायर काढली. हे नीट वाचा - वायर माझ्या डाव्या हातात होती. उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. आणि समोर लाल दिवा लुकलुकला.

एकदा. मग दोनदा. मग क्षणभर लागूनच राहिला, आणि विझला. आत डिस्क फिरल्याची बारीक घरघर मी ऐकली. मी घाबरलो, उगाच मोठेपणा कशाला सांगू. तरी आधार म्हणून डब्यावर हात टेकला. पत्रा गार होता. फक्त वर, उजव्या बाजूला, तळहाताएवढी जागा कोमट होती... कुणीतरी आत्ताच हात उचलावा तशी.

डिस्क तशीच ठेवून मी वायर परत जोडली. तीनला वीज आली. मी फाइल उघडली. सोमवारी नसलेली ओळ तिथे होती. माझा प्रोग्राम प्रत्येक नोंदीपुढे वेळ दोनदा लिहितो, नोंद केल्याची आणि डिस्कवर गेल्याची. पहिली - शनिवार, सकाळी नऊ बारा. दुसरी - त्याच गुरुवारची, दुपारी बारा चाळीस. मजकूर असा: "सेन्सर मधेच बंद पडतो. सुपरवायझरना सांगितलं, जेवणापर्यंत चालव म्हणाले. आत हात घालायला भीती वाटते."

ती ओळ नुसती दाखवली असती तर साहेबांनी मलाच खोटारडा ठरवलं असतं, कारण तारीखच तशी होती. ती खरी ठरायची असेल तर माझं सॉफ्टवेअर खोटं बोलतं हे मलाच सांगावं लागणार होतं. शनिवारी मी सांगितलं. हिरवी अक्षरं, रांग, वीज जाणं, माझा ताईंना दिलेला सल्ला, सगळं. सुपरवायझरनेही मग मान खाली घालून कबूल केलं. ताईंची नोकरी राहिली. आता त्या तपासणी विभागात आहेत.

आमच्या सीनियरला विचारलं. तो म्हणाला, उरलेल्या चार्जवर दिवा एखादेवेळी लागतो, आतल्या सेलवर घड्याळ चालतं. डिस्क कशी फिरली, आणि मेमरीतून पुसलेलं आलं कुठून, यावर तो चहा प्यायला गेला. ऑफिसात सगळ्यांना वाटतं की दया येऊन मीच ती ओळ घुसडली. मी वाद घालत नाही.

आता हिरवी अक्षरं डिस्कवर लिहून झाल्यावरच येतात. तोवर पिवळं "थांबा" दिसतं. ऑपरेटर पुन्हा शिव्या घालतात.

मागच्या महिन्यात सुषमाताई गेटवर भेटल्या. हातावरची पट्टी निघाली होती. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, माझ्यासाठी तुम्ही खोटं लिहिलंत, हे मी विसरणार नाही. मी नाही म्हणेपर्यंत त्याच हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "पण सर, ती भीतीची ओळ मी फक्त टाइप केली होती, कुणालाच सांगितली नव्हती. घरीसुद्धा नाही. तुम्हाला कशी कळली?"

बस आली, त्या चढल्या. पेढा हातात धरून मी तिथेच उभा होतो.