मामंजी नाव घेईपर्यंत चहा बंद

व्रतवैकल्यांच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे उद्यापनांना मिळालेले ब्लाऊजपीस आणि दुसरे किस्से. ब्लाऊजपीस निदान पुढच्या हळदीकुंकवाला कुणाच्या तरी ओटीत घालून मोकळं होता येतं. किस्से मात्र फिरून आपल्याकडेच येतात, आणि दर वेळी थोडे अंगाने भरून!

काचीगुड्याच्या आमच्या घरात यंदा या साठ्यात मोठीच भर पडली. माझ्या सासूसासऱ्यांच्या, म्हणजे आत्याबाई आणि मामंजींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्यांना भेट काय द्यायची, यावर घरातल्या चार माणसांनी कितीतरी रविवार डोकं चालवलं. आमचे हे, मलकपेठच्या माझ्या नणंदबाई मंगलवन्सं, कॉलेजात जाणारी माझी लेक तन्वी, आणि मी. मी त्यात हुशार म्हणून नव्हते, चहा कोण करणार म्हणून होते.

* * *

पहिल्याच बैठकीत हे म्हणाले, "एवढं काय त्यात? सरळ विचारून टाकू." आणि खरंच उठून बाहेरच्या खोलीत गेले.

"बाबा, तुम्हाला सरप्राइज काय पाहिजे?"

मामंजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. खातं सुटलं, पण खात्याची भाषा सुटली नाही. त्यांनी पेपर खाली न घेताच उत्तर दिलं, "विचारून देतात त्याला सरप्राइज म्हणत नाहीत. टेंडर म्हणतात. तीन कोटेशनं मागवा."

मग आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काही नक्को रे. सगळं आहे."

या वाक्याचा अर्थ फक्त त्यांना आणि देवाला माहीत आहे. मी देवाजवळ रोज तासभर बसते, पण अजून त्याने सांगितलेला नाही.

* * *

मंगलवन्संचा उत्साह दांडगा. त्यांनी कुणालाही न विचारता दोघांसाठी मनगटावरची ती स्मार्ट घड्याळं आणली. पावलं मोजणारी, झोप मोजणारी, नाडी मोजणारी. "आई-बाबांची तब्येत आता माझ्या मुठीत!" असं म्हणाल्या. तब्येत मुठीत आणि आईबाबा आमच्याकडे, अशी कामाची सुरेख वाटणी झाली.

आत्याबाई जपाला बसल्या की घड्याळ थरथरायचं, "उठा, थोडं चाला!" दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी घड्याळ काढून देवघरातल्या घंटेच्या दांड्याला बांधलं. त्या दिवशी आरतीत त्यांची चार हजार पावलं झाली. मलकपेठेतून लगेच शाबासकीचा फोन!

मामंजींनी मात्र आपलं घड्याळ इमानाने वापरलं. एकदा रात्रीच्या जेवणाला वांग्याच्या भाजीत मीठ कमी, यावरून त्यांचं आणि आत्याबाईंचं बोलणं चालू होतं. तेवढ्यात घड्याळ वाजलं. तन्वीने वाकून वाचलं, "आजोबा, ते विचारतंय की तुम्ही व्यायाम सुरू केलाय का?"

मामंजी म्हणाले, "नाही म्हणून सांग. हिच्याशी बोलतोय."

* * *

मग फोटोची टूम निघाली. लग्नाचा एकच फोटो घरात होता. त्यात मामंजी ऐटीत बसलेले, शेजारी आत्याबाई, आणि नेमक्या त्यांच्या चेहऱ्यापुढे कुणा पाहुण्याचा फेटा. पन्नास वर्षं तो फेटा कोणाचा, यावर वाद आहे.

तन्वी म्हणाली, "मम्मी, टेन्शन लेऊ नक्को. एआयने फेटा काढून टाकते."

काढला. फेट्याखालून एक देखणी बाई निघाली. धारदार नाक, टपोरे डोळे, गालाला खळी. सोनेरी चौकट करून फोटो आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"ही कोण?"

मामंजी मागून डोकावले. "चांगली आहे की!"

"हो का? मग उद्यापासून पोळ्या हिलाच लाटू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

फोटो सध्या कपाटावर आहे. तोंड भिंतीकडे.

* * *

आता माझ्या चहाबद्दल सांगते.

आमच्या मामंजींनी पन्नास वर्षांत बायकोला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. "अगं ए", "ऐकलं का", नाहीतर खाकरणं. खाकरण्याचेही प्रकार आहेत. एकदा खाकरले तर पाणी, दोनदा खाकरले तर चष्मा, आणि लांबलचक खाकरले तर पाहुणे केव्हा जाणार! फोनमध्येसुद्धा आत्याबाईंचा नंबर "घर" या नावाने आहे. बाई भाजीला गेली तरी "घर" बाजारात, आणि देवळात गेली तरी "घर" प्रदक्षिणा घालतंय.

एका बारशाला बायकांनी त्यांना घेरलं होतं. "काका, आज तुम्ही नाव घ्या!" तर म्हणाले, "माणूस हरवलं तर नाव घेऊन शोधतात. ही कुठे हरवलीय? ही काय, इथेच तर आहे!" सगळे हसले. आत्याबाईही हसल्या, पण पदर नीट करायला म्हणून तोंड वळवून.

नंतर शेंगा सोलताना मला म्हणाल्या, "सुमित्रा हे नाव मी विसरलेच असते गं. गॅसच्या पुस्तकावर आहे म्हणून बरं."

सुमित्रा हे त्यांचं सासरचं नाव, लग्नात मामंजींनी तांदळात लिहिलेलं. "मग माहेरचं काय होतं?" मी विचारलं. त्यांचे भाऊ तर त्यांना नुसतं अक्का म्हणत.

"आता त्याचं काय? ते तांदळाखाली गेलं," म्हणाल्या, आणि सोललेले दाणे पाखडायला उठल्या.

मला राहवेना. त्याच संकष्टीला मी गणपतीपुढे बोलून गेले, "देवा, मामंजींच्या तोंडून आत्याबाईंना त्यांचं नाव एकदा ऐकू दे. तोवर मी चहा घेणार नाही." उस्मानिया बिस्किट बुडवल्याशिवाय जिचा दिवस उजाडत नाही, तिने हे बोलावं! बोलून झाल्यावर मी जीभ चावली. पण गणपतीने ऐकलं होतं.

हे म्हणाले, "अगं, चहा सोडलास की चहाचा संन्यास घेतलास? बाबा आणि नाव!"

तन्वी म्हणाली, "मम्मी, तू तरी कुठे पप्पांचं नाव घेतेस?"

"माझं वेगळं. मी मान ठेवते."

"आणि आजोबा?"

"ते आळस करतात."

* * *

शेवटी ठरलं की वस्तू नकोच, सगळ्यांनी मिळून अंदमानला जायचं. दोघांनी जन्मात बेट पाहिलं नव्हतं. मामंजींनी आयुष्यभर धरणं पाहिली, म्हणजे मध्ये पाणी आणि कडेला जमीन. "हे उलटं धरण आहे तर," असं म्हणून त्यांनी मंजुरी दिली.

मी नवसाचा नारळ हातातल्या पिशवीत घेतला. विमानतळावर तपासणीवाल्या बाईने पिशवी उघडली. बोलण्यावरून आपल्या जुन्या शहरातली.

"अम्मा, अंदमान को नारियल ले जा रैं? वहाँ तो झाडाँ पे येइच है!"

मी काही बोलायच्या आत मामंजी पुढे झाले. "बेटी, वहाँ के नारियल को इनकी मन्नत मालूम नै ना."

बाई इतकी हसली की रांग थांबली. नारळ मात्र तिने ठेवून घेतला. माझा नवस हैदराबादच्या विमानतळावरच उतरला, आम्ही पुढे गेलो.

विमानात सगळ्यांनी चहा घेतला. मामंजींनी विचारलं, "सूनबाई, तू का नाही घेत?"

"व्रत आहे."

"कशासाठी?"

"आपलं... घरासाठी," मी म्हटलं. त्यांना पटलं. आत्याबाई खिडकीतून ढग बघत होत्या.

* * *

लग्नाच्या वाढदिवसाला रिसॉर्टमध्ये दोघांसाठी समुद्राकाठी मेणबत्तीचं जेवण ठरवलं होतं. तारीख यांनी पाहिली, टेबल तन्वीने निवडलं, फुलं मंगलवन्संनी सांगितली. तिथी पाहायचं काम माझं. आणि बारा महिने जिचं कॅलेंडरशिवाय पान हलत नाही, ती मीच विसरले. त्या दिवशी संकष्टी होती!

आत्याबाईंचा उपास. चंद्र उगवल्याशिवाय जेवण नाही. झालं! वाळूत गुलाबपाकळ्यांचा बदाम, टेबलावर टॉवेलचे हंस, आणि त्या हंसांच्या दोन बाजूंना दोघं उपाशी बसलेली.

"तुम्ही जेवा ना. तुमचा कुठे उपास आहे?" आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी सुपाकडे बघत म्हणाले, "निवू दे जरा."

अर्ध्या तासाने वेटर मागे आमच्या टेबलाशी आला आणि माझ्या कानाशी गहिवरून म्हणाला, "मॅडम, अंकल-आंटी कितने रोमँटिक हैं! खाना छोड के चाँद की राह देख रहे!"

आठच्या सुमाराला चंद्र आला. समुद्रातून वर, परातीएवढा. आम्ही हात जोडले. आत्याबाईंनी फोन उघडला. त्यात तन्वीने काढून दिलेला, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो होता.

"हैदराबादला नऊ-चार दिलाय. अजून तासभर आहे."

"अगं, तो आलाय! समोर बघ!" मामंजी म्हणाले.

"येऊ दे. आपला चंद्र काचीगुड्याचा. हा इथल्या लोकांचा."

"साक्षात चंद्र दारात उभा, आणि ही त्याला वेटिंग रूममध्ये बसवतेय!"

वाद पुष्कळ झाला. पूर्वेला चंद्र आधी उगवतो, हे यांनी वाळूत आकृती काढून समजावलं. भरतीची एक लाट येऊन ती आकृती पुसून गेली, म्हणजे समुद्रही आत्याबाईंच्याच बाजूचा. नऊ वाजून चार मिनिटांनी त्यांनी चंद्राला ओवाळलं. तोवर तो बिचारा चांगला वर चढला होता.

सूप केव्हाच निवलं होतं. मामंजींनी ते त्यानंतर घेतलं.

* * *

परतीच्या दिवशी दुपारी आम्ही विमानतळाच्या बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर उभे होतो. गर्दी ही एवढी. सामान मोजून झालं, माणसं मोजली तर एक कमी. आत्याबाई नव्हत्या.

"आत्ता तर इथे होती," मामंजी म्हणाले. त्यांनी फोन काढून "घर" लावलं. घर त्यांच्याच दुसऱ्या खिशात वाजायला लागलं! हात मोकळे हवेत म्हणून आत्याबाईंनी फोन त्यांच्याकडे दिला होता.

ते खाकरले. एकदा, दोनदा, मग लांबलचक. नंतर मोठ्याने, "अगं ए! ऐकलं का!" अर्ध्या धक्क्यावरच्या बायकांनी वळून पाहिलं. त्यांच्यात आत्याबाई नव्हत्या. हे एका बाजूला धावले, तन्वी दुसऱ्या बाजूला. फेरी सुटायला पंधरा मिनिटं राहिली होती आणि पुढची फेरी थेट दुसऱ्या दिवशी. मामंजींच्या मनगटावरचं घड्याळ वाजत होतं. कुणी ते वाचलं नाही.

तिकिटाच्या खिडकीशी माईक होता. आतला माणूस म्हणाला, "अंकल, घबराइए मत. नाम बताइए, अनाउन्स करते हैं."

मामंजी खिडकीवर वाकले. मंगलवन्सं पुढे होऊन म्हणाल्या, "लिखिए, सुमित्रा..."

तेवढ्यात मामंजींनी खिडकीतून हात घालून माईकच ओढून घेतला.

"गोदे! ए गोदे! कुठे गेलीस गं? मी इथं आहे, गोदे!"

सगळ्या धक्क्यावर तो आवाज घुमला. खिडकीतला माणूस आमच्याकडे बघायला लागला, आम्ही एकमेकांकडे.

धक्क्याच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. तिकडून गर्दी बाजूला झाली आणि आत्याबाई आल्या. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत ओले, पदर खांद्यावरून घसरलेला. सत्तरीची बाई, पण चालत नव्हती, पळत होती.

"आले, आले! एवढं ओरडायला काय झालं?"

मामंजींनी माईक परत दिला. आत्याबाईंच्या हातातल्या चपला घेतल्या आणि वाकून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"आई, गोदा कोण?" मंगलवन्संनी विचारलं.

आत्याबाई पदर सावरत चपलांत पाय घालत होत्या. मी शेजारच्या टपरीकडे वळले.

"भैया, एक चाय. शक्कर ज्यादा."

हे मागून धावत आले. "अगं, थांब! सुमित्रा कुठे म्हणाले ते? व्रताचं काय?"

माझे तोवर दोन घोट घेऊन झाले होते.