टकिला, कैरी आणि मिरचीमीठ

बाटलीची मला लहानपणापासून धास्ती आहे. मग ती परदेशी असो की गावठी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी एका लग्नात हातभट्टीची प्यायले आणि त्यांचे डोळे गेले. मी तेव्हा आठवीत होते. त्याच घरात वाढलेल्या माझ्या धाकट्या भावाने जहाजावर नोकरी लागल्यावर धुळ्याला माझ्या घरी टकिलाची बाटली आणावी, याला काय म्हणायचं? तेही आबा माझ्याकडे राहायला आलेले असताना.

"अक्का, सीलबंद शे. विमानतळावरून घेतली," तो म्हणाला. मी भरपूर बडबडले. पण माझे हे आधीच पेले पुसायला लागले होते. मे महिन्यातली दुपार होती आणि आबा आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून मला आवाजही चढवता येईना.

दोघं तिच्यात नुसतं थंड पाणी घालून तोंडं वाकडी करत होते. ते बघून मला राहवेना. म्हटलं, सरका तिकडे. कैरीचं पन्हं तयार होतं, त्यात घातली. मग लिंबू आणि भाजलेलं जिरं. एकदा ताकात घालून पाहिली, ते मोरीत ओतावं लागलं. मी स्वतः थेंबही चाखला नाही, त्यांचे चेहरे बघून गूळ कमीजास्त करत होते. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पण छातीत धडधडही होती. "नीट दिसतंय ना?" असं मी सारखं विचारायचे आणि ते दोघं मला हसायचे.

भाऊ म्हणाला, तिकडे पेल्याच्या काठाला मीठ लावतात. नुसतं मीठ? खानदेशात? मी हिरव्या मिरच्या मिठाबरोबर खलबत्त्यात कुटल्या आणि ह्यांच्यापुढे ठेवल्या. ह्यांनी हौसेने तो ओला ठेचा बोटांनी काठभर दाबून लावला. पहिलाच घोट घेतला, ठसका लागला, घामाने थबथबलेलं तोंड हाताने पुसलं आणि बसल्या जागी दुमडले.

"मला दिसत नाहीये," ते म्हणाले.

आबांचा हात धरून आईने त्यांना आयुष्यभर मोरीपर्यंत, ओट्यापर्यंत नेलं होतं. आता माझी पाळी, एवढंच डोक्यात आलं. मी भावाची गचांडी धरली. "मेल्या, काय पाजलंस त्यांना?" तो पांढराफटक पडला होता. तसाच अनवाणी रिक्षा आणायला पळाला. मी ह्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून "माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा" म्हणत होते, आणि ह्यांच्या पापण्या काही उघडेनात. ठेचा मी स्वतः कुटलेला, पण तो मला आठवलाच नाही.

एवढ्यात आबा भिंत चाचपत बाहेर आले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. मला बाजूला सारून ते जावयासमोर बसले. "जवाईबापू, धव्वं दिखस का? बठ्ठं धव्वं?"

पांढरं दिसतंय का, सगळं पांढरं, असं ते विचारत होते; विषारी दारूने डोळे जाताना आधी तसं दिसतं म्हणे. हे कण्हत म्हणाले, "नाही आबा. आग होतेय. नुसती आग."

आबांनी ह्यांचा हात ओढून बोटं हुंगली. मग मला म्हणाले, "मिरची शे. पानी आन."

मी तांब्या आणला, डोळ्यांवर पाणी मारत राहिले. हे विव्हळत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. आबांनी ह्यांचा हात सोडला नाही. स्वतःच्या डोळ्यांविषयी ते कधी कुणाशी बोलले नव्हते, आईशीसुद्धा नाही.

"आग व्हस ना? मंग भिऊ नका," ते म्हणाले. "मना डोयासनी आग नही व्हयनी. मी झोपीसन उठनू, आनि सकाय व्हयनीच नही."